आठ दिवस माहेरी

यजमानांची नजर गेली तेव्हा मी तिशीचीही नव्हते. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. ते केनवडला शाळामास्तर होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, यायला उशीर झाला, गेलेली नजर परत येणार नाही. नोकरी सुटली. शेत ठोक्यानं, वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिलं होतं, त्यावर भागायचं.

पुढची दोन वर्षं मी त्यांना एकटं सोडलं नाही. ताटात भाजी कुठे, भाकर कुठे ते त्यांचा हात धरून दाखवायची. दाढी करून द्यायची, न्हाणीपर्यंत न्यायची, दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. माझं जेवण उभ्या-उभ्याच. डोकं ठणकायला लागलं की कपाळाला फडकं बांधून पुन्हा कामाला. बाया म्हणत, मास्तरीणबाई फार जीव लावून करते. ते ऐकून बरं वाटायचं आणि घरी आल्यावर रडू यायचं.

एकदा त्यांचा धक्का लागून पाण्यानं भरलेला पितळी गुंड उलथला. विहिरीवरून नुकताच आणला होता मी. माझ्या तोंडून निघून गेलं, "एका जागी बसता नाही येत का तुमाले?"

ते दिवसभर खरंच जागचे उठले नाहीत, पाणीसुद्धा मागितलं नाही. मीही माफी मागितली नाही.

मालेगावची थोरली नणंद तेव्हा आमच्याकडे आली होती. दुसऱ्या दिवशी तूर निवडताना तिनं विचारलं, "माहेरी कवा गेलती तू?"

मला आठवेना. ती म्हणाली, जाऊन ये, मी राहते. मी म्हटलं, त्यांचं सगळं तुम्हाला नाही जमायचं. तेवढ्यात ओसरीवरून यजमानच बोलले, "जाय तू. मले बी जराशी सुटका पायजे."

माहेरच्या कामरगावपर्यंत एस.टी.त ते वाक्य मला टोचत राहिलं.

माहेरी पहिले तीन दिवस मी नुसती झोपले. आई जेवायला उठवायची. मग मावसबहिणीबरोबर पापड लाटले, शेतात हिंडले, बोरं खाल्ली. डोकं दुखत नाही, हे पाचव्या-सहाव्या दिवशी लक्षात आलं.

परत आले तर यजमानांनी स्वतःची दाढी केलेली. हनुवटीवर कापलं होतं. ओसरीपासून न्हाणीपर्यंत नणंदेनं दोरी बांधली होती, तिला धरून ते एकटे जात-येत होते. मला आनंद व्हायला हवा होता. आला तो राग. दोन वर्षं मी जे केलं त्याची गरजच नव्हती की काय, असं वाटलं. दोन दिवस मी नणंदेशी धड बोलले नाही. निघताना तीच म्हणाली, "बाई, तो आंधळा झाला, लेकरू नाही झाला."

पुढे ते रोज दुपारी काठी घेऊन मारुतीच्या पारावर जायला लागले. पहिले काही दिवस मी दारात उभी राहून पाहायची. मग तेवढा वेळ मी आडवी व्हायला लागले, कधी शेजारी जाऊन बसायला लागले. जेवण ताट वाढून, बसून. डोकेदुखी कमी झाली, पुरती गेली नाही.

ओरडणंही पुरतं गेलं नाही. पण आता मी ओरडले की तेही ओरडायचे. घरात नजर जायच्या आधीसारखं भांडण होतंय, याचं मला बरं वाटायचं.