न लिहिलेलं वाक्य

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझ्याच कॉलेजची, डोंबिवलीत आमच्याच गल्लीत राहणारी. डबा एकत्र खायचो. माझं ठरलेलं लग्न मोडलं, ते आईच्या आधी तिला कळलेलं.

त्या वर्षी कंपनीच्या कॅलेंडरचं काम तिच्याकडे आलं. दर महिन्याला एका नामवंत लेखकाचं वाक्य छापायचं होतं. ती म्हणाली, "तुझं वाचन आहे. वाक्यं खरी आहेत का, तेवढं बघ ना."

मला फार बरं वाटलं. आमच्या कॉलेजच्या मराठीच्या बाई ठाण्याला राहायच्या. रविवारी मी त्यांच्याकडे जायचे आणि दोघी कपाटातली पुस्तकं काढून शोधत बसायचो. बरीच वाक्यं सापडली. मे महिन्याचं काही केल्या सापडेना. कामगाराने हक्काची भाषा करू नये, निमूट राबावं, अशा अर्थाचं होतं ते. ज्या लेखकाच्या नावावर होतं, त्याच्यावर बाईंनी प्रबंध लिहिलेला. "हा माणूस असं लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "तरी आपण सगळं वाचू."

सगळं वाचलं. कुठेच नव्हतं.

मी मैत्रिणीला तसं सांगितलं. "काढून टाकते," ती म्हणाली.

कॅलेंडर छापून आलं. मे महिन्यात ते वाक्य होतंच, लेखकाच्या नावासकट. शेवटच्या पानावर, सर्व वाक्यांची खातरजमा केल्याचं लिहून पुढे माझं नाव.

"अगं, हे राहिलं कसं?"

तिने डबा उघडला. "राहिलं नाही, ठेवलं. ओव्हरटाइमवरून कामगारांचं चाललंय ना खाली, साहेबांना तसं काहीतरी हवं होतं. मग ते वाक्य मीच रचलं."

"तू रचलंस?"

"नुसतं माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? तुझ्यावर ठेवतात."

शोधाशोध चालू असताना दर सोमवारी मी तिला सांगायचे, काल कुठलं पुस्तक झालं, कुठलं राहिलं. ती ऐकायची. वर म्हणायची, दमत असशील गं.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, छापून वाटून झालंय, आता सोडा. मग कॅलेंडर घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी शेवटचं पान बराच वेळ पाहिलं.

"माझं नाव नाही घातलंस, ते बरं केलंस."

मी कुणाचंच घातलं नव्हतं, हे सांगेपर्यंत त्या आत निघून गेल्या होत्या. नंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांच्या सुनेने दारातूनच सांगितलं, बाई झोपल्यात.

काही महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. मैत्रीण एकदा घरी आली. मी बाहेरच्या खोलीत गेले नाही. आईने तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर मला म्हणाली, "एका वाक्यावरून एवढं तोडायचं असतं का?"

आईला सगळं सांगितलं होतं. तरी तिने हे विचारलं.