हद्दीबाहेरचे मोठे दाजी

माझ्या दोन्ही बहिणींचे नवरे सरळमार्गी माणसं आहेत. वाईट एवढंच झालं, की ते एकमेकांचे साडू झाले. थोरलीच्या नवऱ्याला आम्ही मोठे दाजी म्हणतो आणि धाकटीच्या नवऱ्याला छोटे दाजी. छोटे दाजी मोठ्या दाजींपेक्षा वीतभर उंच आहेत, आणि माझ्या मते पोटदुखीची सुरुवात तिथूनच झाली.

मोठ्या दाजींचं गाड्या भाड्याने देण्याचं दुकान कालव्याच्या अलीकडे आहे, माझ्या लॉन्ड्रीला लागून. पुढे काउंटर, मागे पत्र्याची शेड टाकलेलं आवार, आणि वर ते आणि ताई राहतात. सुरुवात केली तेव्हा एकच जुनी गाडी होती. ती ते रोज स्वतःच्या रुमालाने पुसायचे आणि मग त्याच रुमालाने कपाळ पुसायचे. एकाच्या दोन, दोनाच्या चार करत नऊ गाड्या उभ्या केल्या, त्याही कुणापुढे हात न पसरता. माणूस हाडाचा कष्टाळू. पण गाडी देताना चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं लेक सासरी चालली आहे. गिऱ्हाइकाला गाडीभोवती फिरवायचं, प्रत्येक दारावरून बोट फिरवून दाखवायचं, आणि संध्याकाळी गाडी परत आली की पुन्हा तीच प्रदक्षिणा. लोक भाडं देऊन वर त्यांना घाबरून असायचे.

सासुरवाडीत, म्हणजे आमच्याकडे, त्यांचा मान त्या गाड्यांमुळे. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचंय, लावा मोठ्या दाजींना फोन. ते दर वेळी स्वतः यायचे, स्वतः चालवायचे, आणि आमचे अण्णा शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे, "जावई आले हो गाडी घेऊन!" हे वाक्य ऐकायला दाजी आणखी दोन शहरं ओलांडून आले असते.

छोट्या दाजींचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही दुरुस्त करायचे थांबले, तसं ते बसलं. मग एका नव्या कंपनीत चिकटले. कंपनीच्या गाड्या निळ्या, आणि त्यांना ना दुकान, ना काउंटर. गाडी रस्त्यात कुठेही उभी असायची. फोनमधलं अ‍ॅप उघडायचं, नकाशावर निळे ठिपके दिसायचे, जवळचा ठिपका गाठायचा, फोननेच दार उघडायचं आणि निघायचं. काम झालं की जिथे असाल तिथे, नियमाच्या जागी, सोडून चालू लागायचं. परत आणून द्यायची भानगडच नाही. छोट्या दाजींचं काम पायी फिरून गाड्या बघायचं. पुसायच्या, इंधन भरायचं, आणि जिथे कुणी घेत नाही तिथली गाडी उचलून लोकांना हवी तिथे नेऊन ठेवायची.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोठे दाजी इतके हसले की माझ्या इस्त्रीखाली शर्टाची बाही जळता जळता राहिली. "रस्त्यावर सोडलेली गाडी आणि दारात सोडलेली कोंबडी," ते म्हणाले, "संध्याकाळी दोन्ही मोजून बघा म्हणावं!"

कोंबड्या कमी व्हायच्याऐवजी वाढल्या. कालव्यावरच्या पुलापलीकडे दर गल्लीत निळी गाडी दिसायला लागली. तरुण पोरं स्वतःच्या गाड्या विकून मोकळी झाली. मग एक पांढऱ्या गाड्यांची कंपनी आली आणि दोघींची जुंपली. ही पहिली पंधरा मिनिटं फुकट देई, तर ती वीस. मोठे दाजी रोज सकाळी पूल ओलांडून फिरायला जाऊ लागले. डॉक्टरांनी सांगितलंय, असं ताईला सांगायचे. खरं तर निळ्या गाड्यांची तपासणी चालायची. टपावर बोट फिरवायचं, धूळ बघायची, पोचा आलेला दिसला की फोटो काढून मला पाठवायचा. खाली लिहायचं, 'साडूभाऊंची शान'. एकदा ते असे वाकून चाक बघत होते, तर एक बाई म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात, आतला कचरा पण काढून घ्या." त्या दिवशी त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

खरा घाव घरी बसला. एका रविवारी सगळे अण्णांकडे जमलो होतो. अण्णांनी छोट्या दाजींना विचारलं, "आता किती गाड्या असतात तुझ्याकडे?"

"माझ्या भागात सातशे, अण्णा."

अण्णांनी मान डोलावली. एवढंच. पण ती मान मोठ्या दाजींनी बघितली. त्यांच्या नऊ गाड्यांसाठी ती तितकी खाली कधी आली नव्हती. "सांभाळायला मिळालेल्या गाड्या वेगळ्या आणि स्वतःच्या वेगळ्या," ते म्हणाले, आणि चहा न पिताच उठले. ताई कपाकडे बघत बसून राहिली.

पुढे पांढऱ्या गाड्यांची कंपनी निळीने गिळली. एके सकाळी पांढऱ्या दारांवर निळे पट्टे लागले, फुकटची मिनिटं संपली, दर वाढले. दोन्ही कंपन्यांची माणसं एका जागी बसणार कशी, म्हणून निम्मी घरी गेली. मोठे दाजी आशेला लागले. पण छोटे दाजी घरी गेले नाहीत, उलट अख्ख्या शहराच्या गाड्या त्यांच्याकडे आल्या. कारण सोपं होतं. कुठल्या गल्लीत गाडी पडून राहते आणि कुठे मिनिटात उचलली जाते, हे त्यांनी पायी फिरून शिकून घेतलं होतं. मोठ्या दाजींचं मत पडलं, की उंच माणूस लांबून दिसतो म्हणून निवडला असेल.

त्यांना एकच आधार उरला होता. निळ्या गाड्यांना हद्द होती. नकाशावर एक रेघ असायची, आणि तिच्याबाहेर गाडी सोडता यायची नाही. ती रेघ नेमकी आमच्या कालव्यावर थांबायची. अलीकडच्या माणसाला गाडी हवी तर मोठ्या दाजींचं काउंटर, नाहीतर पाय. रेघ पूल ओलांडून आली की दुकान संपलं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्या रेघेचा त्यांना इतका आनंद, की त्यांनी स्वतःच्या फोनमध्येही ते अ‍ॅप घेतलं. काउंटरवर बसल्या बसल्या उघडायचे. पलीकडे ठिपक्यांचा सडा, अलीकडे शुकशुकाट. बघायचे, समाधानाने बंद करायचे, चहा प्यायले की पुन्हा उघडायचे. पुढे तर रीतच पाडली. गिऱ्हाईक दरावरून कुरकुरलं, निळ्या गाडीचं नाव काढलं, की दाजी खुर्चीत मागे रेलायचे. "उघडा ना तुमचं अ‍ॅप. इथेच उघडा, माझ्यासमोर. शोधा गाडी." गिऱ्हाईक शोधायचं. 'जवळ गाडी उपलब्ध नाही.' "आहे?" "नाही." "मग करा सही." माझ्या लॉन्ड्रीत आलेल्यांनाही ते बोलावून घ्यायचे. मीसुद्धा त्यांच्या हट्टापायी चारदा शोधली.

एका संध्याकाळी छोटे दाजी हसतमुखाने दुकानात आले. मी तिथेच होतो. ताई वरून चहा घेऊन जिना उतरत होती.

"दादा, एक गंमत सांगायला आलोय," ते म्हणाले. "लोक अ‍ॅप उघडून गाडी शोधतात आणि मिळत नाही, त्याची कंपनीकडे नोंद होते. जिथे असं जास्त होतं तिथे आम्ही हद्द वाढवतो. बाकी शहरात या वर्षी हद्द कापलीय. वाढवलीय फक्त एका ठिकाणी." त्यांनी फोन पुढे धरला. कालव्याच्या अलीकडे एक लालभडक डाग होता. "हे बघा. हे तुमचं काउंटर. शंभर वेगवेगळ्या फोनवरून मागणी! मला तर वाटलं, तुम्हीच आमची जाहिरात करताय."

मी भिंतीकडे बघायला लागलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. मोठ्या दाजींनी स्वतःचा फोन काउंटरवर उलटा करून ठेवला. छोटे दाजी बिचारे कौतुकानेच बोलत होते, आणि तेच जास्त झोंबत होतं.

"एकाच फोनने दहादा शोधलं तर आम्ही धरत नाही," ते पुढे म्हणाले. "पण एक फोन मात्र भारी आहे. रोज दुपारी, तुमचं दुकान जेवणासाठी बंद असतं तेव्हा. वर्षभर. रोज एकदाच शोधतो आणि बंद करतो. नाव आम्हाला दिसत नाही, पण एवढी वाट बघणारं कोण आहे, हे बघायची फार इच्छा आहे."

मोठ्या दाजींनी माझ्याकडे बघितलं. "मेहुणे, तुम्ही?"

"मी दुपारी झोपतो," मी म्हणालो. "माझं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू येतं, असं तुम्हीच म्हणता."

"मी ती," ताई जिन्यावरून म्हणाली.

तिने कप काउंटरवर ठेवले. एकाही कपातला चहा सांडला नव्हता.

"तू? कशाला?"

"आईकडे जायला."

"मी नेत नाही का तुला?"

"नेता ना. गाडी मोकळी असेल तेव्हा नेता, वाटेत दोन कामं करता, आणि ऊठ म्हणालात की उठायचं. मला माझी मी जायचं होतं. लायसन्स आहे माझ्याकडे, लग्नाच्या आधीपासूनचं."

"खाली माझ्या नऊ गाड्या उभ्या असताना तू याच्या गाडीसाठी..." दाजींचा आवाज चिरकला.

"त्या नवांपैकी एकीची तरी चावी माझ्या हातात दिलीत का कधी? मागितली की म्हणायचात, ही धंद्याची गाडी आहे. मग मी मागायचं सोडलं."

छोटे दाजी चहाचा कप तसाच ठेवून, "येतो दादा" म्हणत निघून गेले. मोठ्या दाजींना धंदा जाणार हे दुःख होतंच, पण आपली बायको वर्षभर साडूच्या गाडीची वाट बघत होती, याने ते आतून पेटले होते. बाई कुणाबरोबर पळून गेली असती तर निदान चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

पुढचं आधीच सांगून टाकतो. हद्द वाढली, नवांच्या तीन गाड्या उरल्या, त्याही लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांसाठी. मागचं आवार कंपनीने गाड्या धुवायला भाड्याने घेतलं आणि त्या करारावर कंपनीतर्फे सही कुणाची, हे सांगायला नको. मोठे दाजी अजूनही काउंटरवर बसतात. पण मला सांगायचाय तो हद्द उघडली तो दिवस.

त्या सकाळी काउंटरसमोर एक निळी गाडी उभी होती. ताईने फोनने दार उघडलं, पर्स मागे ठेवली आणि स्टिअरिंगवर बसली. दाजी बाहेर आले. क्षणभर थांबले, मग शेजारचं दार उघडून, न विचारता आत बसले. आपल्याशिवाय ती कशी जाते, हे त्यांना बघवणार नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवणारही नव्हतं.

मी सायकलने मधल्या गल्ल्यांतून त्यांच्याआधी आईकडे पोचलो. खिडकीतून बघितलं तर गाडी येऊन लागली. फुटपाथला अगदी समांतर, एका दमात. ताई उतरली, फोननेच कुलूप लावलं आणि सरळ आत आली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. दाजी मात्र गाडीपाशीच.

चहा झाला तरी ते येईनात, म्हणून मी खाली गेलो. "दाजी, चला ना आत."

"आणि ही? अशीच टाकून?"

"त्यासाठीच आहे ती."

"कुणीही येईल आणि घेऊन जाईल."

"तेच म्हणतोय मी."

तेवढ्यात खांद्याला बॅग अडकवलेली एक मुलगी फोनमध्ये बघत आली आणि गाडीशी थांबली. दाजी दाराला टेकून उभे होते. "काका, तुमची आहे का?" तिने विचारलं.

"नाही," दाजी म्हणाले. पण बाजूला होईनात. त्यांचं बोट आपोआप दारावरून पुढे सरकत गेलं. "बघून घ्या. कुठे ओरखडा नाहीये."

मुलीने त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने बघितलं, आत बसली आणि गेली. दाजी मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता भडकतील. त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या ताईला गाडी कुणी शिकवली? त्यानेच ना? छोट्याने?"

"अण्णांनी. तुमच्या लग्नाच्या कितीतरी आधी. मित्राची गाडी मागून आणायचे."

"इतकी चांगली?" त्यांचा चेहरा पुन्हा आंबट झाला. आता अण्णांवर. "पुलावर एकदा तरी ब्रेक लागेल म्हणून मी पाय दाबून बसलो होतो. लागलाच नाही. मला जमत नाही तशी गाडी लावली तिने."

"मग तिला सांगितलंत का हे?"

त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. परत जायला गाडी नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं. आयुष्यभर लोकांनी ज्यांच्याकडे गाडी मागितली, ते मोठे दाजी दारात चपला काढून आत गेले आणि आई-अण्णांच्या, आमच्या सगळ्यांच्या देखत बायकोसमोर उभे राहिले.

"जाताना मला नेशील का?"

ताईने फोन हातात घेतला. "थांबा हं," ती म्हणाली, "मिळते का बघते."