सायखेड्याच्या बाईचा पाठमोरा मुलगा

माझा मुलगा बर्फात पायाची तीन बोटं गमावून फौजेतून कायमचा घरी आला, तेव्हा नाशिक शहर आमच्या मळ्यापर्यंत पोचलं नव्हतं. झेंडू निवडायच्या खोलीत त्यानं भिंतीवर चित्र काढलं. बर्फाला चुना, दगडांना गेरू, माणसांना चुलीची काजळी. चार जवान ओळीनं चढ चढताहेत, चौघंही पाठमोरे.

"तोंडं कुठं गेली रे यांची?"

"गस्तीला पुढच्याची पाठच दिसते, आई. त्याच्या पावलात पाऊल टाकायचं, बस."

माझ्या मुलाच्या पुढं चालायचा तो जवान इथल्याच सायखेडा गावचा. तो तिथंच संपला. कसा, ते मुलानं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

चित्राचं कानावर गेलं तशी त्या सायखेड्याच्या पोराची आई आली. चहाला हात लावला नाही.

"माझा कोणता?"

मुलानं बोट दाखवलं. ती भिंतीजवळ गेली. मग म्हणाली, "त्याला माझ्याकडं वळव की रे बाबा."

"मावशी, नका सांगू."

"एवढं कर. तू तर आलास घरी."

माझा समोर उभा होता.

आठ दिवसांनी ती परत आली. मुलानं त्याला वळवला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, नाकातोंडावर फडकं, कपाळावर टोपी. कातडी कुठं दिसतच नव्हती.

"हा कोण?"

"तुमचाच, मावशी. तिथं आमची तोंडं अशीच असायची."

"पुस हे. होता तसाच कर. पाठ तरी माझ्या पोराची होती."

त्यानं लगेच चुन्याचा हात मारला. पण ओला चुना काही झाकत नाही, वाळल्यावरच पांढरा पडतो. चष्मा तसाच आरपार दिसत होता.

"बाई, थांबा थोडं. वाळला की जाईल," मी म्हणाले.

"मला बस गाठायचीय," म्हणाली आणि तेच बघून निघून गेली.

संध्याकाळी तिथं नुसता बर्फ उरला. पुढं कितीतरी दिवस मुलगा हातात काजळी घेऊन भिंतीसमोर बसायचा आणि तसाच उठायचा.

एकदा म्हणाला, "आई, त्याची पाठ आठवत नाही गं आता. तो चष्माच येतो समोर."

दिवाळीआधी ती बाई पोराची पाठ बघायला परत येणार होती. सायखेड्याकडं जाणाऱ्या एकाजवळ मी निरोप दिला, येऊ नका म्हणून.