विसाच्या पुढे

पंपावर आज ‘तेल नाही’ अशी पाटी लागली आहे आणि तिच्यासमोर अर्धं गाव रिकाम्या गाड्या घेऊन रुसून उभं आहे. तापलेल्या जमिनीतून डिझेलचा उग्र वास येतो. त्या वासाने मला कुंभकोणमजवळचा आमचा पानमळा आठवतो, आणि जीव तुटतो. जगातलं तेल कधीतरी सरणारच, असं हल्ली शहाणी माणसं सांगतात. आमच्याकडे ते पन्नासच्या दशकातच सरलं होतं, एका उन्हाळ्यापुरतं.

पानवेलीला उन्हात रोज पाणी लागतं. चार दिवस चुकले की ती मान टाकते. आमच्या विहिरीवर एत्तम होतं. उंच खांबावर आडवी तुळई, तिच्या टोकाला बादली, आणि तुळईवरून मागे-पुढे चालणारा माणूस. तो पुढे गेला की बादली बुडे, मागे आला की भरून वर येई. तीस वर्षं एकच माणूस चालत होता. चालताना गाई. ते गाणं म्हणजे बादल्यांची मोजणी. प्रत्येक आकड्याला एक ओळ, कुठे देवाचं नाव, कुठे सुनेची चेष्टा. वडील मळ्याच्या कडेला डोळे मिटून ऐकत आणि आज किती पाणी पुरे ते ठरवत. मला मात्र त्या गाण्याची लाज वाटे. शिकून आलो होतो ना.

मी तेलाचं इंजिन आणलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसा मी तेव्हा होतो. वडील, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या आमच्या घरच्या जुन्या मराठीत, एवढंच म्हणाले, “इंजिन ठेव रे, पण त्यास नकों काढूं. तेल सरलें तर माणूस लागेल कीं.” मी हसलो. गरज सरो नि वैद्य मरो, या न्यायाने त्याला निरोप दिला. तो स्वामीमलैला, मूर्ती ओतणाऱ्यांकडे भाता ओढायला गेला. इंजिनाला भक्कम बैठक हवी होती, म्हणून ती तुळई मीच कापवून घेतली. पावसा-उन्हात मुरलेलं इतकं चांगलं लाकूड वाया का घालवा, असा माझा हिशेब.

दुसऱ्याच उन्हाळ्यात दूरच्या कुठल्या समुद्रात जहाजं अडकली आणि आमच्या गावात तेलाचा डबा दिसेना. चौथ्या दिवशी मी स्वामीमलैला गेलो. तो एका शब्दानेही न टोचता माझ्याबरोबर निघाला. विहिरीपाशी येऊन त्याने तुळई कुठे आहे, असं विचारलं. मी इंजिनाकडे बोट दाखवलं. तो खाली वाकला, इंजिनाखालच्या फळीवरून हात फिरवला आणि दोन घागरी उचलल्या.

आम्ही तिघं पाणी वाहू लागलो, वडीलसुद्धा. त्याने गाणं धरलं, पण विसाव्या घागरीला थांबला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा विसाला थांबला. दिवसभर तसंच चाललं. संध्याकाळी घागर खाली ठेवून तो तमिळमध्ये, धाकट्या भावाला हाक मारावी तसा, हळूच म्हणाला, “पुढचं पायांना येत होतं, तंबी. तुळई नाही, तर पायांना सुचत नाही.” हे त्याने माझ्याजवळ रडून सांगितलं असतं, तर सोसलं असतं. तो माफी मागत होता.

घागरींनी मळा भिजत नाही. तेल आलं तेव्हा वेली वाळून काठ्यांना चिकटल्या होत्या. तो परत गेला आणि पुन्हा आला नाही. वडिलांनी पान पुन्हा लावलं नाही. मला बोललेही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आज रांगेत उभ्या-उभ्या मी ते गाणं मनात म्हणून पाहिलं. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. पुढची ओळ सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.