जरा मोठ्यानं

काल फॉन ट्रेस्टिन साहेबांना पुरलं. पाद्रीबुवा म्हणाले, "राजाचा एकनिष्ठ सेवक गेला." मी मागच्या बाकावर टोपी कुस्करत बसलो होतो. पुढचं बाक सख्ख्या भावाचं. ते रिकामंच होतं.

मी जिल्हा कचेरीतला शिपाई. साहेब आले तेव्हापासून त्यांचं दार उघडलं आणि लावलं.

साहेबांचं नाव वेडिगो, फॉन ट्रेस्टिन घराण्यातले धाकटे. आमच्या पोमेरानियात जमीन थोरल्याची. धाकट्यानं लष्करात जायचं, नाहीतर सरकारी कचेरीत. साहेबांची नजर अधू, म्हणून कचेरी. कायदा शिकले, विद्यापीठात तलवारबाजी करून गालावर वण मिळवला आणि पदक मिरवावं तसा जन्मभर मिरवला. मग काम शिकण्यासाठी कचेरीत कित्येक वर्षं बिनपगारी उमेदवारी. गरिबाच्या पोराला ती परवडत नाही, आणि परवडू नये म्हणूनच ती ठेवलेली. खर्च थोरले बोगिस्लाव करायचे आणि प्रत्येक नाताळात, भाजलेला हंस कापता कापता, तो बोलूनही दाखवायचे. खुर्ची मिळाली की ती मरेपर्यंत सोडायची नाही, हे साहेबांनी त्या जेवणांतच ठरवलं असणार.

जिल्हाधिकाऱ्याची खुर्ची मिळाली, आणि ते ती सांभाळायला शिकले. त्यांचं कसब दिसायचं ते निवडणुकीत. आमच्याकडे मत द्यायचं ते तोंडानं. खानावळीच्या मोठ्या खोलीत टेबल, टेबलामागे जिल्हाधिकारी. नाव पुकारलं की पुढे व्हायचं आणि सगळ्यांदेखत बोलायचं. मजुराच्या मागे त्याचा मालक उभा असायचा, आम्हा शिपायांसमोर साहेब. कोणी तोंडातल्या तोंडात बोललं की साहेब चष्म्यावरून बघायचे. "जरा मोठ्यानं. लोकांना कळू दे."

एका वर्षी मोठ्यानं बोलले ते शाळामास्तर ब्लांक, माझ्या बहिणीचे यजमान. नाव घेतलं ते सरकारविरुद्धच्या माणसाचं.

साहेब हसले. "मास्तर, आवाज खणखणीत आहे हो तुमचा! दलदलीपलीकडच्या पोरांनाही ऐकू द्या की."

लोक हसले. आठवड्याच्या आत मास्तरांची बदली झाली, थेट दलदलीपलीकडे. बदलीचा हुकूम घेऊन मीच गेलो. माझी बहीण डोरटे बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"तुझ्या साहेबाला सांग, माझ्या छातीला तिकडची ओल सोसायची नाही."

"सांगतो गं."

"नुसतं मान खाली घालून नको. नीट सांग."

सांगितलं. साहेबांनी मान वर केली नाही. "मार्टेन, सरकारी काम आणि घरचं रडगाणं एकत्र करू नये."

पहिल्याच हिवाळ्यात डोरटे गेली. त्या माणसाचा मला राग आहे. काल त्याच्या पेटीवर मूठभर माती टाकतानाही होता.

पुढे साहेब कचेरीची खुर्ची राखूनच स्वतः बर्लिनच्या कायदेसभेत निवडून गेले. सरकारला कालवा खणायचा होता. जमीनदारांना नको होता, कारण कालव्यातून परदेशी धान्य स्वस्तात आत येणार. बोगिस्लाव तरातरा कचेरीत आले आणि उभ्यानंच बोलले.

"वेडिगो, तुझ्या उमेदवारीच्या दिवसांत तुला कोणी पोसलं?"

"दादा, मी सरकारचा नोकर आहे."

"आधी ट्रेस्टिन आहेस. तिथं तोंड उघडशील तेव्हा लक्षात ठेव."

साहेबांनी लक्षात ठेवलं. भर सभेत नाव पुकारल्यावर कालव्याला 'नाही' म्हणाले. महिन्याभरात खुर्ची गेली. 'गरज पडल्यास पुन्हा बोलावू' एवढं एक शेपूट सरकारनं ठेवलं होतं, आणि साहेब त्यालाच लटकले.

राहायला गेले भावाच्या वाडीवर. जेवताना जागा कारभाऱ्याच्याही खाली, पोरांच्या शिक्षिकेशेजारी. आणि बोगिस्लाव पाहुण्यांसमोर म्हणायचे, "सरकारचं मीठ खाऊन सरकारलाच नाही म्हणाले आमचे बंधुराज! मी असतो तर आधी नोकरी सांभाळली असती." ज्यानं आगीत ढकललं तोच भाजलं कसं म्हणून विचारत होता.

पुढच्या निवडणुकीला बोगिस्लाव स्वतः उभे राहिले. सरकारचा माणूस होता गिरणीवाला झ्यूल्के. टेबलामागे नवा जिल्हाधिकारी, गालावर अजून लालसर असलेला वण. मी दाराशी उभा होतो. साहेबांचं नाव पुकारलं. भावाचं नाव घेतलं तर बर्लिनचं दार कायमचं बंद. झ्यूल्केचं घेतलं तर रात्रीचं जेवण बंद.

साहेब टेबलापाशी गेले. ओठ हलले.

"जरा मोठ्यानं, फॉन ट्रेस्टिन," नवा साहेब गोड आवाजात म्हणाला. "लोकांना कळू दे."

साहेबांनी एकदा भावाकडे बघितलं.

"झ्यूल्के!"

बोगिस्लाव उठले. हॅट घातली, बाहेर गेले, आणि गाडी निघाल्याचा आवाज आला. बर्लिनचं बोलावणं पुढे कधीच आलं नाही. खोगीरवाल्याच्या माळ्यावरच्या खोलीत साहेब मरेपर्यंत टपालाची वाट बघत राहिले.

पण त्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा बर्फ वितळून रस्ताभर चिखल झाला होता. "मार्टेन, गाडी?"

"गेली, साहेब."

ते पायरीवर उभे राहिले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग माझ्याकडे न बघता काहीतरी पुटपुटले. 'तुझी बहीण' एवढं मला ऐकू आलं. पुढचंही आलं असावं.

मी म्हटलं, "जरा मोठ्यानं, साहेब."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग पायरी उतरून चिखलातून चालू लागले.