पहिल्या नंबरची कोळीण

वीस-एकवीस वर्षांची माणसं 'काय दिवस होते यार' म्हणून उसासे टाकायला लागली की मला मळमळतं. कुठले दिवस? दहावी होऊन आम्हाला धड सहा वर्षंही झालेली नाहीत. ज्या शाळेच्या संडासात पाय ठेवायला कोणी तयार नसायचं, जिच्या वर्गात ओल्या मोज्यांचा वास कोंडलेला असायचा, तिच्या आठवणीने आता ग्रुपवर रडके चेहरे पडतात. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात साडी डे, रेट्रो डे, गाव डे असे वर्षातून इतके डे होतात की साध्या कपड्यांत आलेली मुलगीच वेष बदलून आल्यासारखी दिसते. त्यात शाळेच्या ग्रुपने भर घातली.

झालं असं की आमच्या वर्गाच्या माजी मॉनिटरला कपाट आवरताना तिसरीतल्या वेशभूषा स्पर्धेचा फोटो सापडला. तो लहानपणी फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, आता ग्रुपवर न बोलणाऱ्यांची लिहितो. त्याने फर्मान काढलं: खडवलीला गेट-टुगेदर, आणि प्रत्येकाने फोटोत आहे त्याच वेषात यायचं. पटापट अंगठे पडले. आता दाढी आलेला एक जण तेव्हा टोमॅटो होता. तो पुन्हा टोमॅटो होणार या कल्पनेनेच लोक लोटपोट झाले. मला शिसारी आली.

त्या फोटोत मधोमध मी उभी आहे. कोळीण. पहिला नंबर. हा फोटो आमच्या घरी शोकेसमध्ये फ्रेम करून ठेवलेला आहे आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आई त्याची गोष्ट सांगते. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण स्पर्धेत सगळं हुबेहूब हवं म्हणून आईने खरी, मासे विकायची पाटी मिळवली, ही त्या गोष्टीतली तिची कर्तबगारी. पाटी मिळवली होती मात्र मी. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीची आई बाजारात मासे विकायची. मानपाड्याच्या बाजूचं त्यांचं गाव. तिला सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी ती एवढी मोठी वेताची पाटी डोक्यावर घेऊन शाळेत आली होती.

ती स्वतः परी झाली होती. भाड्याचा पांढरा झगा, तारेचे पंख, हातात चांदणी लावलेली काठी. मी तिला इथे परीच म्हणते. ती स्टेजवर गेली तेव्हा आमच्या बाई माइकवरूनच म्हणाल्या, "अगं, तू कोळीण व्हायचं सोडून परी कशाला झालीस?" सगळे हसले. मीही हसले, कारण माझ्या डोक्यावर पाटी होती आणि माझा नंबर येणार हे मला कळलं होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी परी आपलं दप्तर उचलून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. का, ते तिने सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, मग मलाही राग आला आणि मीही बोलणं टाकलं. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो आणि एकमेकींशी बोललो नाही. इतर कोणाच्या आठवणीने मला काही होत नाही, पण त्या रिकाम्या बाकाची आठवण आली की अजूनही आत काहीतरी टोचतं. माझा पहिला नंबर आला म्हणून ती रुसली, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

गेट-टुगेदरला न जाण्याची सबब मी तयार ठेवली होती. नुसती मस्करी म्हणून ग्रुपवर लिहिलं की माझ्याकडे पाटी नाही, पाटीशिवाय कसली कोळीण. दहा मिनिटांत परीचा मला एकटीला मेसेज आला. तेरा वर्षांत पहिलाच. 'पाटी मी देते. तू ये.' खडवलीचं फार्महाऊस तिच्या घरच्यांचंच होतं. मधल्या काळात त्यांच्या शेतांवर बिल्डरांचे टॉवर उभे राहिले आणि तिच्या आईचं बाजारात बसणं सुटलं, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी तो मेसेज पाच-सहा वेळा वाचला आणि येते म्हणून कळवलं.

मग कपडे. शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम, त्यामुळे डोंबिवलीत वेष भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्यांकडे कोळणीचा एकही सेट शिल्लक नव्हता. शेवटी ठाण्याला कोपरीत एक दुकान सापडलं. ते दुकान मी जन्मात विसरणार नाही. डांबराच्या गोळ्या, जुना घाम आणि मिशा चिकटवायचा गोंद यांचा मिळून जो वास होतो, तो नाकातून उतरून थेट पोटात जातो. राजाचा जिरेटोप वासुदेवाच्या टोपीत अडकला होता आणि दोन्हींच्या आत कुणाच्या तरी डोक्याचं तेल होतं. मला दिलेल्या हिरव्या ब्लाऊजच्या काखेत पिवळी वर्तुळं होती, एकात एक. किती कोळणी त्यात घामाघूम होऊन गेल्या असतील कोण जाणे. दुकानदाराने वर थर्माकोलची दोन पापलेटं फुकट दिली. त्यांतल्या एकाचा डोळा पडला होता.

खडवलीला पोचले तर नदीकाठच्या त्या हिरवळीवर वेड्यांची जत्रा. टोमॅटोच्या पोटातली उशी घसरून मांडीवर आली होती. झाड झालेला मुलगा पानं गाळत फिरत होता. दोन फुलपाखरं सिगरेट ओढत होती. प्रत्येक जण दुसऱ्याला 'तू अजिबात बदलला नाहीस' म्हणत होता आणि लगेच फोन वर धरून स्वतःचं तोंड बघत होता. मॉनिटर शिट्टी वाजवून सगळ्यांना रीलसाठी रांगेत उभं करत होता. मला वाटलं, आल्या पावली परत फिरावं.

परीने पंख लावले नव्हते. साधा कुडता घातला होता. ती मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे तिची आई खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. परीने कोपऱ्यातली वेताची पाटी उचलून माझ्या हातात दिली. मी काय केलं ते मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. पाटी नाकापाशी नेली, हुंगली आणि नाक मुरडलं.

तिची आई हसली. "नवी हाय गो ती. वास नाय तिला."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, मागच्या वेळची पाटी फार छान होती, तिच्यामुळेच माझा नंबर आला. परीने तिच्या आईकडे बघितलं. तिच्या आईने लसणाची पाकळी खाली ठेवली आणि मग शांतपणे, कुणा तिसऱ्याचीच हकिगत सांगावी तशी सांगितली.

स्पर्धा झाल्यावर आमच्याकडून पाटी परत गेली ती लख्ख होऊन. माझ्या आईने ती फिनेलमध्ये रात्रभर भिजवली होती, ब्रशने घासली होती आणि दोन दिवस गच्चीत वाळवली होती. हे मला आठवत होतं. दुसऱ्याची वस्तू परत करताना स्वच्छ करून द्यावी, आणि रिकामी देऊ नये, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून तिने पाटीत रव्याचे लाडूही ठेवले होते. परीच्या आईची दुसरी पाटी फाटायला आली होती, त्यामुळे तिने सकाळी हीच घेतली. वेतात मुरलेलं फिनेल बर्फाच्या पाण्याने सुटलं आणि मासळीत उतरलं. गिऱ्हाइकं जवळ यायची, वास घ्यायची आणि मागे सरायची. एका रोजच्या बाईने चारचौघांत विचारलं की शिळ्या माशांचा वास मारायला फिनेल टाकतेस काय. मग ते बाजारभर झालं. ती मासळी टाकून द्यावी लागली, आणि रोजची कितीतरी गिऱ्हाइकं समोरून जाऊन शेजारणीकडे घ्यायला लागली. ती शेवटपर्यंत परत आली नाहीत.

"लाडवांना पन फिनेलचा वास व्हता," ती म्हणाली. "तुमाला आमचा वास येतो, तसा आमाला पन तुमचा येतो, पोरी."

ती चिडून बोलली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी परीकडे वळून विचारलं की म्हणून तू बाक बदललास का, माझ्या आईवर रागावून.

"रागावून कशाला?" परी म्हणाली. "पाटी एवढी धुतलीत, म्हणजे तुला माझापण वास येत असणार, असं मला वाटलेलं. म्हणून उठले."

आठ वर्षांची मुलगी दप्तर उचलून शेवटच्या बाकावर गेली होती ती माझ्या नाकाची सोय व्हावी म्हणून. आणि मी तेरा वर्षं तिला हेवेखोर समजत आले. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. ड्रेपरीतलं ते ब्लाऊज त्यापुढे काहीच नव्हतं. मी म्हटलं की नव्हता येत गं तुझा वास, आणि ते खरं होतं. तिच्या केसांच्या तेलाचा वास यायचा आणि तो मला आवडायचा. हे सांगता सांगता मला रडू आलं. कपाळावरची भलीमोठी चंद्रकोर ओघळून नाकावर आली. बाहेरून मॉनिटर शिट्टी फुंकत 'कोळीण कुठाय, कोळीण' म्हणून ओरडत होता. मी पाटी तिथेच ठेवली आणि रीलमध्ये गेले नाही. थर्माकोलच्या पापलेटांशी मांजर खेळत होतं. मी परीच्या आईशेजारी बसून लसूण सोलला.

निघताना तिने स्टीलचा एक डबा हातात दिला. आत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. "डबा परत दे," ती म्हणाली. "साध्या साबनाने धू."

घरी आले तर आईने दारातच नाकाला पदर लावला आणि डबा ओट्यावर ठेवू नकोस म्हणाली. मी ओट्यावरच ठेवला. उघडला आणि उभ्या उभ्या एक घास खाल्ला. खोटं कशाला बोलू, मला तो गिळवला नाही. दोन ग्लास पाणी प्यायले. पण मग मी आईला सगळं सांगितलं, शोकेससमोर उभी राहून. आधी ती म्हणाली, मग काय तशीच घाण पाटी परत द्यायची होती का? मी म्हटलं, घाण नव्हती, मासळीची होती. संध्याकाळच्या पूजेच्या वेळी तिने घंटी वाजवली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तिने रवा भाजायला घेतला. डबा मी साध्या साबणाने धुतला होता. त्यात तिने लाडू भरले, झाकण लावलं, पुन्हा काढलं, आणि डबा नाकापाशी नेऊन बराच वेळ वास घेतला. मग माझ्यापुढे धरला.

"बघ गं, फिनेलचा येत नाही ना?"

मी वास घेतला आणि नाही म्हटलं. आणि हेही म्हटलं की डबा मी नेऊन देणार नाही, तूच चल. तिने ओल्या हातांकडे बघितलं, गॅस बंद केला आणि साडी बदलायला आत गेली. कोणती नेसावी ते तिला ठरवता येत नसावं. कपाटाचं दार कितीतरी वेळ उघडंच होतं.