डिस्टिल्ड वॉटर नापास

“काकू, तुमचं श्रीखंड नापास!” मी म्हणाले.

निमजे काकू केटरर. कोहका वस्तीतल्या आमच्या फूड लॅबमध्ये त्यांनी टेबलावर हात आपटला. “कावून नापास? आज संध्याकाळी दुर्ग शहराले लग्न आहे. नवरदेवाचा बाप म्हणते, रिपोर्ट नाही तर श्रीखंड नाही. पातेलं काय नाल्यात ओतू?”

आमची तपासणी तशी सोपी. नमुना रात्रभर पोषक द्रवात ठेवायचा, म्हणजे साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असलाच तर वाढतो. मग त्याचा थेंब कागदी पट्टीच्या टोकाला सोडायचा. पट्टीत सोन्याचे नॅनोकण असतात. इतकं बारीक सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. एक लाल रेघ आली तर पास. जंतू असला की कण त्याला धरून पुढे गर्दी करतात आणि दुसरी रेघ उमटते.

इथे मात्र अख्खी पट्टी नवरीच्या शालूसारखी लालभडक!

“लय जंतू दिसून राहिले,” आमचे मालक वानखेडे साहेब गंभीरपणे म्हणाले. साहेब स्टील प्लांटातून रिटायर झालेले.

मी दुसरी पट्टी घेतली. तीही लाल. मग नुसतं डिस्टिल्ड वॉटर टाकलं. तेही नापास!

“साहेब, ह्या पट्ट्यांना कोणी काही केलं का?”

“काही नाही. सकाळी पूजा केली फक्त. प्लांटात नव्या मशीनची पूजा केल्याबिगर आम्ही बटन दाबत नव्हतो.”

“अहो, पूजा डब्याची करायची!”

“डब्याची करून मशीनले काय भेटते? एकेक पट्टी काढली, पायाशी ओलं कुंकू वाहिलं.”

पायाशी! म्हणजे नेमका जिथे थेंब टाकायचा तिथे. आणि ती लाल टिकली मी कंपनीची खूण समजले होते.

“म्हणजे माह्या श्रीखंडाले कुंकवानं नापास केलं?” काकू किंचाळल्या.

एकच पाकीट बंद उरलं होतं. “कुंकू सरलं,” साहेब ओशाळून म्हणाले, “त्याची पूजा राहूनच गेली.” आणि लगेच हात जोडून त्याच्याकडे निघाले.

“लांबून, साहेब!” मी पाकीट छातीशी धरलं.

थेंब टाकला. पहिली रेघ आली. दुसरीची वाट पाहताना काकू देवांची नावं घेत होत्या, साहेब त्यात आपली भर घालत होते. दुसरी रेघ आलीच नाही.

काकूंनी रिपोर्ट प्रिंटरमधून जवळजवळ ओढूनच काढला आणि धावत ऑटो गाठली. श्रीखंड मांडवात पोचलं.

“पाहा, पूजेचा गुण,” साहेब म्हणाले.

मी नव्या पट्ट्या मागवल्या. यंत्रावर श्रद्धा जरूर असावी, पण ती पाकिटाच्या बाहेर ठेवावी.